पिशवीचं वजन

चिमूटकाकांना हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं, खुद्द काकांनाही नाही. पण या नावाचा त्यांना मनातून फार अभिमान होता. एका किराणा दुकानात ते सुटा माल तोलायचे. तांदूळ, डाळ, साखर, पीठ, जे जे पोत्यातून येतं आणि पिशवीतून जातं ते सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. तागडीचा काटा मधोमध आला की इतर तोलणारे पिशवी उचलतात आणि गिऱ्हाइकाच्या हातात देऊन मोकळे होतात. काकांचं तसं नव्हतं. ते पुन्हा पोत्यात हात घालायचे, तीन बोटांत मावेल तेवढा माल वर टाकायचे, पारडं जरासं खाली झुकायचं आणि मगच पिशवीचं तोंड दुमडायचे. बायका तेवढ्या चिमटीसाठी वाटेतली दोन दुकानं सोडून इथे यायच्या. चिमटीत दाणे येऊन येऊन येणार किती? पण फुकटचं म्हटलं की माणसाला कणीसुद्धा मणाची वाटते.

दुकान लांबट आणि अंधारं होतं. पुढे गल्ला, मधे पोत्यांची रांग, मागे कोठीची खोली. दिवसाही दिवा लावावा लागायचा, आणि त्या दिव्यावर पिठाची इतकी पुटं चढलेली की उजेडही आजारी माणसासारखा पांढराफटक पडायचा. मिसरूड फुटत होतं तेव्हा काका इथे लागले आणि इथेच म्हातारे झाले. छातीत पीठ बसलं होतं, दोन वाक्यं बोलली की खोकल्याची उबळ यायची. दुसरं कुठलं काम त्यांना येत नव्हतं आणि येत नाही याचं त्यांना कधी वाईटही वाटलं नाही.

पहिल्याच दिवशी थोरल्या मालकांनी त्यांना धडा म्हणजे काय ते दाखवलं होतं. माल पिशवीत घालून तोलला तर पिशवीचं वजनही मालात धरलं जातं. ते वजा व्हावं म्हणून समोरच्या पारड्यात, वजनांच्या शेजारी, रिकाम्या पिशवीएवढाच जड असा एक तुकडा ठेवायचा. त्याला धडा म्हणायचं. दुकानातला धडा म्हणजे पितळेची एक चकती होती, नाण्याहून जराशी मोठी.

“आपण माल विकतो, कागद नाही,” थोरले मालक म्हणाले होते. “कागद तांदळाच्या भावानं विकला की ती चोरीच झाली. दुकान उघडलं की आधी धडा बघायचा, मग गिऱ्हाईक. कळलं?”

काकांना कळलं. नुसतं कळलं नाही, त्यांनी ते काळजावर कोरून घेतलं. त्यांनी त्याच दिवशी एक कोरी पिशवी बाजूला काढली आणि तागडीशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवली. रोज सकाळी ती पिशवी एका पारड्यात, चकती दुसऱ्या पारड्यात. काटा मधोमध थांबला की काका हात झाडायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, “चला, आज खोटं नाही.” अंगात ताप असला तरी हे चुकलं नाही. माणसं देवासमोर हात जोडतात त्यातही घाईगडबड करतात, काकांनी या कामात कधी केली नाही.

पावती म्हणाल तर गल्ल्यावर मिळायची. साबण, काड्यापेटी, तेलाची बाटली यांची नावं तिच्यावर असायची आणि खाली एका ओळीत लिहिलेलं असायचं, ‘सुटा माल’, आणि पुढे सगळ्याची मिळून रक्कम. तांदूळ किती, डाळ किती, कशाचा भाव काय, यातलं काही नाही. कुणी विचारलंच तर थोरले मालक काकांकडे बोट दाखवायचे. “हा तोलतो ना? मग पावतीला काय विचारता!” गिऱ्हाईक हसायचं आणि जायचं. काकांना त्या दिवशी जेवण जरा जास्त जायचं.

काकांचं लग्न झालं त्याच सुमारास दुकान भरभराटीला आलं आणि थोरल्या मालकांनी पिशव्या बदलल्या. जुन्या पिशव्या पातळ होत्या. कितीदा तरी वाटेतच फाटायच्या आणि साखरेचा माग दुकानापासून गिऱ्हाइकाच्या उंबऱ्यापर्यंत जायचा. नव्या पिशव्या दुहेरी जाड कागदाच्या, बुडाला पुठ्ठा, वर ठसठशीत अक्षरांत दुकानाचं नाव. एका पिशवीत एक किलो, दहा किलो घेतलं तर दहा पिशव्या, असा दुकानाचा रिवाज. लोक खूश झाले. बायका त्या पिशव्यांच्या घड्या घालून जपून ठेवायला लागल्या.

आणि त्याच सुमारास काकांच्या घरात धान्य पुरेनासं झालं.

घर म्हणजे दोन खोल्या, एका बंद कारखान्याच्या मागच्या अंगाला. बाहेरच्या खोलीत काकांची आई निजायची, आतल्या खोलीत चूल, आणि तिथेच काका-काकूंचा संसार. महिन्याचं सामान काका स्वतः तोलून, पैसे भरून दुकानातून आणायचे. फक्त एक होतं. घरच्या पिशवीत ते वरची चिमूट टाकायचे नाहीत. लोकांना दिली ती मालकाच्या राजीखुशीनं, घरी नेली तर ती उचलेगिरी, असा त्यांचा हिशेब. सरळ माणसाचे हिशेब असे सरळच असतात, घरच्यांच्या पोटावरून जाणारे.

आईचं माप ठरलेलं होतं, दोन्ही वेळेला एवढ्या एवढ्या वाट्या. लग्नाआधी त्या मापात महिना पार पडायचा. काकू आल्या आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी डबा खडखडायला लागला. नुसता तांदूळच नाही. साखर, डाळ, पीठ, सगळ्याचीच तीच तऱ्हा. खाणारं एक तोंड वाढलं म्हणून काकांनी सामानही वाढवलं, तरी महिनाअखेर खडखडाट व्हायचाच. आईनं पहिल्यांदा तोंड वेंगाडलं, मग टोमणे मारले, मग सरळच विचारलं, “काय गं, तुझ्या माहेरी चूल पेटत नाही का आमच्या धान्याशिवाय?”

काकू नव्या होत्या. त्यांनी काकांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “मी काही कुठे दिलं नाही. मुळात कमीच येत असेल.”

बिचाऱ्या काकूंना काय कल्पना, की त्यांनी कशाला हात घातला. काकांना कुणी भर बाजारात थोबाडीत मारल्यासारखं झालं. “कमी कसं येईल?” ते म्हणाले. “वजन माझ्या हातचं आहे.”

बस, तेवढंच म्हणाले ते. ओरडले नाहीत, हात उगारला नाही. पण त्या एका वाक्यानं निकाल लागला. वजन बरोबर म्हणजे धान्य घरात येतंय. घरात येतंय आणि डब्यात नाही, म्हणजे कुणीतरी नेतंय. आईनं तर आधीच निकाल लावलेला होता. तिनं त्यानंतर डब्याला कुलूप लावलं, रोजचं माप स्वतः काढून द्यायला लागली, आणि तरी महिनाअखेर तेच. तेव्हा तिनं ठरवलं की सून किल्ली चोरते.

काकूंचा भाऊ नळदुरुस्तीचं काम करायचा. या बाजूला काम निघालं की बहिणीला भेटून जायचा. पाणी प्यायचा, दोन गोष्टी बोलायचा. एकदा तो निघाला तेव्हा आई दारात आडवी उभी राहिली. “पिशवी उघड,” ती म्हणाली. त्याच्या खांद्याला हत्यारांची कातडी पिशवी होती. त्यानं आधी हसण्यावारी नेलं, मग बहिणीकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. काका नुकतेच जेवून उठले होते, हात पुसत होते. काहीतरी बोलायला हवं हे त्यांना कळत होतं. पण वजन त्यांच्या हातचं होतं ना! ते हात पुसतच राहिले. भावानं खाली बसून पिशवी फरशीवर पालथी केली. पाना, कानस, नळाचे जुने वायसर, दोऱ्याची गुंडी, आणि कागदात बांधलेला त्याचा स्वतःचा अर्धा राहिलेला डबा. आईनं पायानं ते इकडेतिकडे केलं. मग त्यानं एकेक वस्तू पुन्हा आत भरली, बहिणीला म्हणाला, “येतो,” आणि पुन्हा कधी आला नाही. पुढे काही वर्षांनी आई गेली, त्यानंतर तोही वारला. काकू त्या दिवसानंतर धान्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. महिनाअखेरचा तो दिवस त्या कसा निभावून नेत, काकांनी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

वरवर पाहता संसार चालला होता. काकू वेळेवर वाढायच्या, खोकला वाढला की पाणी गरम करून द्यायच्या. पण त्यांच्यात आणि काकांच्यात काहीतरी थिजून गेलं होतं. काका त्याला मनातल्या मनात एकच नाव द्यायचे. अपराधी मन. बिचारीनं माहेरी चार मुठी दिल्या असतील, आता तिला माझ्याकडे बघवत नाही. त्यांनी तिला माफही करून टाकलं होतं. माफ करताना माणसाला किती मोठं झाल्यासारखं वाटतं!

थोरले मालक वारले, धाकटे मालक गल्ल्यावर बसले. मग सुट्या मालाच्या पावतीबद्दल नवा नियम निघाला. ‘सुटा माल’ असं मोघम लिहून आता भागणार नव्हतं. प्रत्येक मालाची वेगळी ओळ हवी. मालाचं नाव, किलोचा भाव, पिशवीचं वजन, ते वजा जाऊन उरलेलं मालाचं वजन, आणि मग रक्कम. धाकटे मालक आठवडाभर कुरकुरले आणि मग पावती छापणारा वजनकाटा घेऊन आले. तागडी कोठीच्या खोलीत गेली.

काटा बसवायला आलेला माणूस चष्मा कपाळावर चढवून, तोंडात स्क्रू धरून काम करत होता. सगळं जोडून झाल्यावर तो म्हणाला, “एक रिकामी पिशवी द्या. तिचं वजन आत भरून ठेवतो, म्हणजे दर वेळी आपोआप वजा होईल.”

काकांना बरं वाटलं. यंत्राला का होईना, धडा कळतो म्हणायचा! त्यांनी खिळ्यावरची पिशवी काढून मोठ्या मायेनं त्याच्या हातात दिली. काट्यावर आकडा उमटला, आठ ग्रॅम. काकांनी खिशातून चकती काढून शेजारी ठेवायला सांगितली. तीही आठ ग्रॅम. “बघा,” काका म्हणाले, “आमच्या धड्यात फरक नाही.”

त्या माणसानं पिशवी बोटांत धरून चाचपली. मग फळीवरच्या नव्या पिशव्यांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. “गिऱ्हाइकाला ही देता?”

“छे, ही धड्याची आहे. देतो त्या फळीवरच्या.”

“मग ती द्या ना काका. ही घेऊन काय करू?”

त्यानं गठ्ठ्यातली एक ओढली आणि काट्यावर टाकली. त्रेचाळीस. त्यानं कळ दाबली, आकडा आत भरला आणि पुढच्या कामाला लागला. त्याला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. पिशव्या जाड असतात, पातळ असतात.

काका मात्र तिथेच उभे राहिले. खरं तर समजायला क्षणही लागायला नको होता, पण काही गोष्टी समजायला माणूस तयारच नसतो. रोज सकाळी ज्या पिशवीनं त्यांनी धडा पाहिला, ती पातळ होती. दिवसभर ज्या पिशवीत माल भरला, ती जाड होती. पिशव्या बदलल्या तेव्हा खिळ्यावरची पिशवी बदलायची राहून गेली. कुणी मुद्दाम केलं नाही, कुणी लपवलं नाही. खिळा हाताशी होता, पिशव्यांचा गठ्ठा डोळ्यांसमोर होता. अर्ध्या हातावरून दोन्हींकडे ते जन्मभर बघत आले होते. रोज “आज खोटं नाही” म्हणत होते आणि रोज प्रत्येक किलोमागे पस्तीस ग्रॅम कागद तांदळाच्या भावानं विकत होते.

दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट केली. केली नसती तर बरं झालं असतं. पोत्यात हात घालून त्यांनी नेहमीसारखी चिमूट घेतली आणि काट्यावर टाकली. सहा ग्रॅम. पुन्हा घेतली, जरा सढळ हातानं. सातवर गेली.

धाकटे मालक मागे येऊन उभे राहिले होते. हिशेबी माणूस, त्यांना सगळं सांगावंही लागलं नाही. ते खो खो हसले. “काका, म्हणजे आवळा देऊन कोहळा काढत होतात की! आणि वर लोकांनी तुम्हाला चिमूटकाका म्हणायचं!”

“थोरल्या मालकांना ठाऊक असेल हे?” काकांनी विचारलं.

“बाबांना? आता त्यांना कुठे विचारायला जाता.” मालकांचं हसू जरा ओसरलं. “जाऊ द्या हो. कुणाला कळलं नाही, कुणी मेलं नाही. आणि हे बघा, चिमूट आता बंद. पावतीवर छापलंय एक आणि पिशवीत भलतंच, असं नको. उद्या तपासायला आले तर माझ्या गळ्याशी येईल.”

तर अशी चिमूट बंद झाली. पावतीवर आता सगळं होतं. नाव, भाव, पिशवीचं वजन, मालाचं वजन. पिशव्या बदलल्यापासून पहिल्यांदा काका गिऱ्हाइकाला पूर्ण किलो देत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकं त्यांना शिव्या घालत होती. “हात आखडला का काका?” “मशीन आलं आणि माणुसकी गेली.” “एवढीशी चिमूट, तीही सुटेना तुमच्याच्यानं?” छापील पावती कुणी वाचत नव्हतं. बाहेर पडता पडता चुरगाळून टाकत होते. दुकानाच्या पायरीवर त्या चुरगाळलेल्या पावत्यांचा सडा पडलेला असायचा आणि संध्याकाळी तो झाडून काढणं हेही काकांचंच काम.

शिवणकाम करणाऱ्या एक बाई जुन्या गिऱ्हाईक होत्या, अगदी थोरल्या मालकांच्या काळापासूनच्या. त्यांनी तोंड फिरवून पिशवी घेतली तेव्हा काकांना राहवेना. त्यांनी बाईंना बाजूला घेतलं आणि खिळ्यावरच्या पिशवीपासून सगळं सांगितलं. किलोमागे पस्तीस ग्रॅम कमी जात होतं, आता जात नाही, उलट आता तुम्हाला जास्त मिळतंय. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“काका,” त्या म्हणाल्या, “मालकानं पढवलेलं माझ्यापुढे म्हणून दाखवू नका. तुम्ही आणि कमी तोलणार? चिमूट बंद केली ती केली, वर त्या देवमाणसाला, थोरल्या मालकांना नावं ठेवता?” आणि त्या निघून गेल्या.

इतकी वर्षं खोटं तोललं तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतलं आणि आता खरं बोललो तर हे. दुसऱ्या कुणाला सांगायचं धाडस त्यांना पुन्हा झालं नाही. पण लोकांचं एक वेळ सोडा. लोक काय, पुढच्या दुकानात जातील. काकांना धास्ती होती ती घरच्या डब्याची. त्या महिन्याचं सामान त्यांनी नव्या काट्यावर तोलून नेलं होतं. महिना सरत आला तसे ते घरी पाय ओढत जायला लागले. डबा खडखडला तर? तर पिशवीचा काही संबंध नाही, तीच नेत होती, असं म्हणता येईल. काकांच्या मनात हा विचार आला, आणि डबा खडखडावा असं त्यांना वाटलं. खरंच वाटलं. आपली बायको चोर निघावी म्हणून हा माणूस आस लावून बसला.

डबा खडखडला नाही. महिना संपला, दुकानाच्या सुट्टीचा दिवस आला. काकू मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढत होत्या, तेव्हा काकांनी डब्याचं झाकण उघडून आत हात घातला. बोटांना तांदूळ लागला. ते झाकण लावून बाहेर आले. काकू एक मोठी चादर दोन्ही हातांनी झटकत होत्या. त्यांनी न बोलता चादरीचं एक टोक काकांपुढे केलं. मोठ्या चादरीच्या घडीला दोन माणसं लागतात, तेवढ्यापुरतं त्यांचं एकत्र काम असायचं.

काकांनी टोक धरलं आणि सांगायला सुरुवात केली. खोकला मधे मधे येत होता. धडा, खिळ्यावरची पिशवी, जाड पिशव्या, पस्तीस ग्रॅम. घरच्या पिशवीत चिमूटही टाकत नव्हतो, तेही सांगितलं. “तू घरात आलीस त्याच सुमाराला पिशव्या बदलल्या,” ते म्हणाले. “म्हणून आईला वाटलं. चूक माझी होती. तू काही नेलं नव्हतंस.”

“मी नेलं नव्हतं हे मला ठाऊक होतं,” काकू म्हणाल्या. त्यांनी चादरीची कड जुळवली.

“मग तू पुन्हा बोलली का नाहीस? एकदा दुसरीकडे तोलून आणायचं होतंस. लगेच कळलं असतं.”

“तेच नको होतं मला.”

काकांना कळेना.

“घरात माणसं तीन,” काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होत्या. “सासूबाई स्वतःच्या डब्यातून चोरणार नाहीत. मी नेत नव्हते. राहिलं कोण? सामान तुम्ही तोलायचा, तुम्ही आणायचा. तुम्ही म्हणालात, वजन माझ्या हातचं आहे, तेव्हाच मी समजले.”

“काय समजलीस?”

“की वाटेत कुणाला तरी देऊन येता. कुणी असेल तुमचं. एखादं घर असेल. पुरुषांचं असतं.” त्यांनी घडीचा हात थांबवला. “दुसरीकडे तोललं असतं तर ते उघडं पडलं असतं. गल्लीभर तुम्हाला चिमूटकाका, चिमूटकाका करतात. म्हटलं, माझं नाव गेलंच आहे, घरात एकाचं तरी राहू दे.”

इतकी वर्षं ते तिला माफ करत बसले होते, आणि ती त्यांना झाकत बसली होती. तिची माफी त्यांच्या माफीपेक्षा फार महाग होती. तिच्या भावाची पिशवी फरशीवर पालथी झाली तेव्हा एका शब्दानं ती सुटली असती, आणि तिनं तो शब्द गिळला होता. तोही अशा माणसासाठी, की ज्याला झाकण्यासारखं काही नव्हतंच.

“दादा गेला तेव्हा तुम्ही कपडे घालून तयार होतात,” काकू म्हणाल्या. “मी नको म्हणाले. तुम्हाला वाटलं असेल, दुकानाचा खाडा होईल म्हणून. तसं नव्हतं. ज्याच्यापायी त्याला सगळं फरशीवर ओतावं लागलं, त्यालाच घेऊन त्याच्या दारात कशी जाणार होते मी? वहिनी विचारत होती, जावई का आले नाहीत. मी सांगितलं, त्यांना यायचं नव्हतं.”

“मी येणार होतो,” काका म्हणाले.

“हो ना. येणार होतात.” काकूंनी चादर छातीशी धरली. इतका वेळ कोरडा असलेला आवाज आता चिरकला. “आणि तुम्ही काही केलंच नव्हतं. अहो, तुम्ही काहीच केलं नव्हतं. म्हणजे आपण दोघं इतकी वर्षं उगाचच...”

त्या उभ्या उभ्याच चादरीत तोंड खुपसून रडायला लागल्या. काका दुसरं टोक धरून उभे होते. ते सोडून तिच्याजवळ जावं की तसंच धरून राहावं, हे त्यांना काही केल्या कळेना.